सोळावी पायरी

६ जानेवारी

तीर्थरूप मोठ्या काकांस,

सा. न. वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नका, आत वाईट बातमी नाही. बाबा बरे आहेत, मीही बरी आहे. शाळेतले पेपर तपासून बोटं तेवढी लाल झाली आहेत. फोन केला की तुम्ही दुसऱ्याच वाक्याला ऐकू येत नाही म्हणता आणि काकूंच्या हातात देता, म्हणून पत्र लिहायला बसले.

तीन वर्षं चाललेलं माझं पुस्तक संपत आलं आहे. विषय तुम्हाला माहीत आहेच. इतिहासातल्या मोठ्या घोडचुका, आणि त्या करताना माणूस कसा वागतो. उन्हाळ्याच्या भरवशावर थंड मुलखात फौज घेऊन गेलेला बादशहा आहे, तिसरा मजला चढवताना कलायला लागलेला तरीही बांधतच नेलेला मनोरा आहे, शत्रूने दारात सोडलेला लाकडी घोडा आहे. पण प्रकाशकांचं म्हणणं असं की शेवटचं प्रकरण घरगुती हवं. वाचकाला राजांची चूक वाचून गंमत वाटते, आपली चूक दिसली पाहिजे.

मला लगेच चष्मेवाल्यांचा जिना आठवला. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुमचं आणि बाबांचं दुकान एक होतं. जागेवर जाऊन माप तुम्ही घ्यायचा, दुकानात कापायचे बाबा. जिना बसला आणि शेवटची पायरी बुटकी निघाली. पहिल्याच दिवशी चष्मेवाले भिंगांचा ट्रे घेऊन वर जाताना अडखळले आणि भिंगं खालपर्यंत उड्या मारत गेली. बाबांनी चुकीचं कापलं म्हणून तुमचं वाजलं, आणि पंधरा दिवसांत बाबा हत्यारांची पेटी उचलून आम्हाला घेऊन या गावात आले, कपाटांच्या कारखान्यात लागले. त्यानंतर तुम्ही दोघं कुणाच्या कार्यात भेटता, एकमेकांना बरं आहे ना असं विचारता आणि वेगवेगळ्या पंख्यांखाली जाऊन बसता.

बाबांना विचारलं, हे लिहू का. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले की खुशाल लिही, चूक माझ्या नावावर जमाच आहे, मापं मात्र दादाला विचार, त्याला पाठ असतील. तर तेवढी मापं कळवावीत. काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो उत्तर लवकर पाठवून दाखवावा.

तुमची,
चौकशी


१४ जानेवारी

चि. चौकशीस,

अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाकिटाला मी घाबरलो नव्हतो, पण पहिल्याच ओळीत घाबरू नका असं लिहिलंस तेव्हा घाबरलो. पुढच्या वेळी ती ओळ घालू नकोस. तुझी काकू म्हणते की काळजी करायला काही सापडलं नाही तर ते कुठे लपलंय याची हे काळजी करतात. तिचं बोलणं तुला ठाऊकच आहे.

तू लहानपणी दर मिनिटाला हे का आणि ते का विचारायचीस म्हणून तुला चौकशी म्हणायला लागलो, ते नाव तू पुस्तक लिहून खरं केलंस. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. तुझ्या बादशहाचं मला काही कळत नाही. पण घोड्यावर मी दोन दिवस विचार केला. एवढं मोठं लाकूडकाम दारात उभं आहे आणि अख्ख्या गावात एक सुतार नसावा? बोटाच्या पेराने टकटक केली असती तरी कळलं असतं. भरीव लाकूड ठप्प वाजतं, पोकळ लाकूड बोलतं. मला वाटतं सुतार होता. त्याला कुणी विचारलं नसेल, किंवा सगळा गाव आनंदाने नाचतोय हे बघून तो बिचारा टकटक न करताच घरी गेला असेल.

आता जिना. मापं पाठ आहेत. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट सव्वा इंच. सोळा पायऱ्या, म्हणजे पंधरा लाकडी आणि सोळावी वरच्या फरशीवरचं पाऊल. तुझ्या बाबाने जिना कापला दहा फूट अडीच इंचांचा. म्हणजे सव्वा इंच जास्त. जिना वर गेला आणि शेवटचं पाऊल तेवढंच बुटकं झालं. पाय सवयीने उंच उचलला जातो, फरशी आधीच येते, माणूस पुढे पडतो. मी उगीच आरोप केला नव्हता. चष्मेवाल्यासमोर खोली पुन्हा मोजली, जिना पुन्हा मोजला, एकदा नाही तीनदा. तुझ्या आजोबांच्या दोन फुटी लाकडी पट्टीने, जी अजून माझ्याकडे खिळ्याला टांगलेली आहे.

एक सांगतो. तुझ्या बाबाचा हात माझ्यापेक्षा साफ होता. त्या दिवशी त्याला काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुस्तकात माझा बाप असं न लिहिता एक कारागीर असं लिहिलंस तर बरं. कारखान्यात पोरं वाचतील आणि हसतील. चष्मेवाल्याला राग येणार नाही ना, हेही बघ. आणि पुस्तकाच्या किती प्रती निघतात ते कळव, म्हणजे किती लोक वाचतील याचा अंदाज येईल.

प्रकृती ठीक. गुडघा आहे तसाच आहे. आमची आठवण असू दे.

तुझा,
मोठा काका


२५ जानेवारी

तीर्थरूप मोठ्या काकांस,

सा. न. वि. वि.

तुमचा सुतार मी घोड्याच्या प्रकरणात घातला. माझ्या मुख्याध्यापिकाबाईंनी ते पान वाचलं आणि म्हणाल्या, हे तुला सुचलेलं नाही. मी कबूल केलं. प्रती हजार निघतील, त्यातल्या निम्म्या माझ्याच घरात पडून राहतील, तेव्हा काळजी नको.

सोबत जहाजाचं प्रकरण पाठवते. ते तुमच्यासारख्या लाकडातल्या माणसाने वाचायला हवं. चारशे वर्षांपूर्वी एका राजाने मोठं लढाऊ जहाज बांधून घेतलं. त्याला घाई होती. सफरीवर सोडण्याआधी, धक्क्याला असतानाच, एका अधिकाऱ्याने तीस खलाशी डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून बघितले. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डुलायला लागलं की त्याने पळणं थांबवलं. चाचणी थांबवली, जहाज नाही थांबवलं. राजाला कळवायचं कुणी, हा प्रश्न होता. पहिल्याच दिवशी, नुसत्या वाऱ्याच्या झुळकीने, दीड किलोमीटरही न जाता ते बुडालं. पुढे चौकशी बसली आणि दोष कुणाच्याच माथी आला नाही.

तीनशे वर्षांनी ते वर काढलं तेव्हा आत सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काही पट्ट्यांचा फूट बारा इंचांचा होता आणि काहींचा अकरा इंचांचा. एकाच जहाजावर काम करणारी माणसं, प्रत्येकाचं माप त्याच्या त्याच्या पट्टीने अगदी बरोबर. त्याने जहाजाच्या दोन बाजू सारख्या उतरल्या नाहीत असं जाणकार म्हणतात.

जिन्याचं प्रकरण लिहून झालं आहे. पंधरा मार्चला सगळे कागद छापखान्यात जातील. तुमच्या सांगण्यावरून मी एक कारागीर असं लिहिलं होतं, पण बाबांनीच ते खोडून माझे वडील केलं. ते म्हणाले, लपवायचं असेल तर लिहूच नकोस.

काकूंना सांगा की त्यांचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. आमच्यावर लक्ष असावं.

तुमची,
चौकशी


९ फेब्रुवारी

चि. चौकशीस,

अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. जहाजाचं प्रकरण वाचलं. पुन्हा वाचलं. चांगलं आहे.

ते जिन्याचं थोडं थांबवता येईल का? घाई काय आहे? मनोरा आहे, घोडा आहे, जहाज आहे, पुस्तक भरलंच की. त्यात आपला एक जिना नसला तर कुणाचं काय अडतं? छापखान्यात दिलेली गोष्ट परत घेता येते का, की एकदा दिली की दिली, तेही कळव.

दुसरं, त्या जहाजाच्या सुतारांपैकी कुणी कधी आपली पट्टी दुसऱ्याच्या पट्टीला लावून बघितली होती का? एकत्र जेवत असतील, एकत्र बसत असतील. एकालाही वाटलं नाही का? याचं उत्तर पुस्तकांत सापडलं तर लिही.

तुझ्या बाबाचा डोळा कसा आहे? डाव्यात धूसर दिसतं असं काकूला कळलं होतं. अलीकडे मला भूक कमी लागते, पण ते काही नाही.

आणखी लिहिणार होतो, पण आज एवढंच.

तुझा,
मोठा काका


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप मोठ्या काकांस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला घोर लागला. हे घराण्यातच आहे, आता माझी पाळी. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, हे दुकानात दार लावून बसतात, काय मोजतात कळत नाही, एकदा डबा, एकदा स्टूल, एकदा मला उभं करून मोजलं.

काका, तुम्हाला जिन्याची गोष्ट छापायला नको असेल तर स्पष्ट सांगा, मी काढून टाकेन. पण कारण सांगा. बाबांना प्रकरण वाचून दाखवलं. कुठे हसतील, कुठे रागावतील म्हणून मी बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं की मापं दादाने स्वतःच्या हाताने लिहून पाठवली का. मी तुमचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. तुझ्या बाबाचा हात माझ्यापेक्षा साफ होता, या तुमच्या ओळीवर बोट टेकवलं आणि मग पेन्सिल तासायला लागले. तासायची गरज नव्हती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही. तिथे तसं कुणी केल्याचं लिहिलेलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, आता ते माझ्या स्वयंपाकातले केस शोधतात.

पंधरा मार्चला अजून वेळ आहे. तुमच्या पत्राची वाट बघते आहे हे वेगळं सांगायला नको.

तुमची,
चौकशी


२६ फेब्रुवारी

चि. चौकशीस,

अ. उ. आ.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. तीन फाडली. हे फाडायच्या आधी काकूने हातातून घेतलं आणि म्हणाली, आता तिकीट मी लावते.

जहाजाचं प्रकरण आलं त्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. दोन पट्ट्यांची गोष्ट डोक्यातून जाईना. उठलो, दुकानात गेलो, खिळ्यावरची पट्टी काढली. शेजारच्या शिंपिणीकडून तिची टेप मागून आणली. दोन्ही शेजारी ठेवल्या. पट्टी दोन सूत कमी भरली. सुतारकामात दोन सूत म्हणजे पाव इंच. वाटलं टेप सैल पडली असेल. हार्डवेअरवाल्याकडे जाऊन लोखंडी फूटपट्टीला लावली. तिथेही दोन सूत.

मग आठवलं. जिना केला त्या वर्षी पट्टीचं टोक दाराच्या फटीत अडकून चिरलं होतं. चिरलेलं टोक हाताला लागायचं, म्हणून मी करवतीने तेवढं साफ काढून टाकलं. मला स्वच्छ काम लागतं, तुला माहीत आहे. मनात म्हटलं की मोजताना दोन सूत धरायचे. आठवडाभर धरले असतील. पुढे विसरलो. पट्टीवरचे सुरुवातीचे आकडे आधीच पुसट झालेले होते, म्हणून कापलेलं कधी नजरेला आलं नाही.

मी एकट्याने केलेल्या कामात काही बिघडलं नाही. ज्या पट्टीने मोजायचं तिनेच कापायचं, सगळं जिथल्या तिथे बसायचं. पण तुझ्या बाबाने तेव्हा नुकतीच टेप विकत घेतली होती आणि तो तिने कापायचा. दहा फुटांना माझी पट्टी पाचदा ठेवावी लागते. पाच वेळा पाव इंच म्हणजे सव्वा इंच. खोली दहाच फूट होती. मी त्याला दहा फूट सव्वा इंच सांगितलं आणि त्याने मी सांगितलं तेवढंच, सूतभरही इकडेतिकडे न करता, कापलं.

आणि मी पुढे काय केलं? चूक सापडली तेव्हा ज्या पट्टीने ती केली तिनेच ती तपासली. तीनदा. शंभरदा मोजलं असतं तरी तेच आलं असतं. दर वेळी तेच आलं म्हणून माझा आवाज चढत गेला. चारचौघांत मी त्याला म्हणालो की टेप विकत घेतली म्हणून कुणी सुतार होत नाही. हे वाक्य तुला कुणी सांगितलं नसेल, ते मी सांगतो. टेप तिथेच त्याच्या कमरेला होती. ती एकदा माग, असं मला वाटलं नाही. थोरल्याने धाकट्याची टेप कशाला मागायची?

आणखी एक ऐक. आपल्या दुकानाला काच कापून देणाऱ्या काचवाल्याशी मी बावीस वर्षांपूर्वी भांडलो होतो की तू काच नेहमी मोठी कापतोस. परवा त्याच्याकडे गेलो आणि विचारलं. तो हसायला लागला. म्हणाला, तुमच्या मापात काहीतरी घोळ आहे हे तेव्हापासून ठाऊक आहे, तुमची काच मी दर वेळी थोडी कमी करून देतो. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस. तो म्हणाला, पहिल्या वेळी तुम्ही जे बोललात त्यानंतर बोलायची हिंमत कोण करणार? बावीस वर्षं एक माणूस माझी चूक गुपचूप कापून काढत होता आणि मी त्याला सांगत होतो की बघ, आता कसं बरोबर कापायला शिकलास.

तुझ्या राजाला मी काय नावं ठेवू?

आता तुझ्या पुस्तकाचं. पंधरा मार्च जवळ आहे. माझे वडील हा शब्द खोड आणि माझे मोठे काका असं लिही. मागच्या वेळी मी छापू नकोस म्हटलं ते भीतीने म्हटलं. तुझ्या बाबाच्या नावावर ते छापून आलं तर मला कुठे तोंड लपवायला जागा राहणार नाही. सोबत त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे. चार ओळींची आहे. वाचू नकोस, त्याच्या हातात दे. तो काय म्हणतो ते कळव. काही म्हणाला नाही तर तेही कळव, मी समजेन.

तुझा,
मोठा काका


७ मार्च

तीर्थरूप दादास,

सा. न. वि. वि.

चिठ्ठी पोचली. तीन दिवस पेटीत हत्यारांबरोबर ठेवली होती. बावीस वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला कागद, नुसता घडी करून खिशात कसा घालू?

तू लिहिलंस की मला माफ करायचं नसेल तर तसं चौकशीकडून कळव. दादा, आधी माझं ऐक. मला ते ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी. तू हातपाय धुवायला गेलास तेव्हा मी खिळ्यावरची पट्टी काढून माझ्या टेपशेजारी ठेवली. दोन सूत. पट्टी परत टांगली आणि गप्प बसलो.

तुझी पुतणी आता लिहायच्या बेतात होती की धाकट्याने थोरल्याचा मान राखला. तिला मी वेळेवर अडवलं. मान वगैरे काही नव्हतं. तू चष्मेवाल्यासमोर जे बोललास ते मला लागलं होतं. मनात म्हटलं, याला एक दिवस आपोआप कळेल, हा धावत येईल, तेव्हा मी बोलेन. काय बोलायचं तेही ठरवलेलं होतं. पहिल्या वर्षी ते भाषण चांगलं लांबलचक होतं. मग दर वर्षी थोडं आखडत गेलं. परवा तुझी चिठ्ठी हातात आली तेव्हा त्यातलं एक वाक्य आठवेना.

आपण बरोबर होतो, हे मला आवडायचं. कारखान्यात साहेब ओरडला, घरी पाहुणे बोलले, की मी मनातल्या मनात ती पट्टी आणि टेप शेजारी ठेवून बघायचो. बरं वाटायचं. तुला एका वाक्यात सांगितलं असतं तर तू दोन दिवस फुगला असतास आणि तिसऱ्या दिवशी आपण तो जिना दुरुस्त केला असता. पण मग माझ्याकडे बघायला काही उरलं नसतं. त्या जहाजावरची माणसं निदान भीतीने गप्प बसली. मी आवडीने गप्प बसलो. वहिनी दर वर्षी बोलवायच्या आणि मी सुट्टी नाही म्हणायचो. सुट्टी होती.

तेव्हा पोरीने पुस्तकात काय लिहायचं ते लिहू दे, पण चूक एकट्याच्या नावावर टाकायची नाही, हे मी तिला बजावलं आहे. ती म्हणते की प्रकरण पुन्हा लिहावं लागेल आणि पानं वाढतील. वाढू देत.

कारखान्यातून मी निवृत्त होऊन सुटलो, हे तुला कळलं असेलच. बुधवारी सकाळच्या गाडीने येतो. पेटी घेऊन येतो. चष्मेवाल्याकडे तू आधी जाऊ नकोस, तू एकटा गेलास तर घाबरून भलतंच काही कबूल करून बसशील. वहिनींना सांग, साखर कमी.

तुझा,
धाकटा


२ एप्रिल

चि. चौकशीस,

अ. उ. आ.

प्रकरण नव्याने लिहिलंस आणि छापखान्याने दहा दिवस थांबायचं कबूल केलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण छापखानेवाला रागावला तर नाही ना? त्याला माझ्यातर्फे दोन शब्द चांगले सांग.

तुझा बाबा ठरल्याप्रमाणे त्या बुधवारी आला तो अजून इथेच आहे. गाडी दहाला येणार होती, मी आठपासून थांब्यावर होतो. तो उतरला आणि म्हणाला की तू फार बारीक झालास. मी म्हटलं तू फार जाड झालास. एवढंच बोलणं झालं आणि आम्ही पेटी दोन्ही बाजूंनी धरून घरी आलो. घरी आल्यावर काकूने दोघांनाही एकदमच बोलायला सुरुवात केली आणि चहा होईपर्यंत थांबली नाही. ते सगळं मी लिहीत नाही, तुझ्या पुस्तकाला पानं पुरायची नाहीत.

चष्मेवाला आता थकला आहे, दुकान त्याची सून बघते. आम्ही जिना दुरुस्त करतो म्हटल्यावर तो बसल्या जागेवरून नाही म्हणाला. त्याचं म्हणणं असं की बावीस वर्षांत घरातल्या सगळ्यांच्या पायांना ती पायरी पाठ झाली आहे. परका माणूस वर आला की अडखळतो आणि स्वयंपाकघरात बसल्या बसल्या कळतं की कुणी नवीन आलं. मला वाटलं झालं, आता ही चूक माझ्याबरोबरच जाणार. तेवढ्यात त्याची बायको आतून म्हणाली की दोन वर्षं माझे गुडघे वळत नाहीत, वरच्या पायरीला मी रोज भिंत धरते. तो तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्हाला त्या पायरीचं एवढं कौतुक, कोण बोलणार?

मी तुझ्या बाबाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

मापं त्याच्या टेपने घेतली. खालचं टोक मी धरलं. दहा फूट, बरोबर. माझं मत होतं की सोळाव्या जागी वरून एक फळी ठोकून द्यावी, एका दिवसात मोकळं. तुझ्या बाबाने नाही म्हटलं. तो म्हणाला की ठिगळ लावून हे जायचं नाही, बाजूच्या दोन्ही फळ्या नव्या घ्यायच्या, पायऱ्या जुन्याच ठेवायच्या आणि तो सव्वा इंच सगळ्या सोळा पायऱ्यांत वाटून टाकायचा, मग एकीच्याही वाट्याला सूतभर येत नाही. मी म्हटलं, कमरेची वाट लागेल. तो म्हणाला, दोघांच्याही लागेल.

सहा दिवस काम चाललं. रोज भांडलो. रंधा मारायची त्याची पद्धत मला अजून पटत नाही आणि मी एकच खूण तीनदा तपासतो ते त्याला सहन होत नाही. पण आता तपासायला मी त्याची टेप मागून घेतो आणि तो न बोलता देतो. एकदा म्हणाला की मोज बाबा मोज, मला पण बघू दे किती येतंय. जेवायला चष्मेवाल्याची सून वर बोलवायची, आणि तिथून शिडीने खाली येताना माझं लक्ष पायांकडे असायचं. गुडघा दुखला नाही. आश्चर्य वाटतं.

काल काम संपलं. चष्मेवाल्याने हट्ट धरला की पहिल्यांदा मी चढणार. आम्ही दोघं, त्याची बायको, सून, सगळे खाली उभे राहिलो. तो कठडा धरून अगदी ऐटीत चढला. पंधरा पायऱ्या सुरळीत गेल्या. सोळावीला त्याचा पाय सवयीने कमी उचलला गेला, फरशीच्या कडेला बोटं आपटली आणि तो वरच्या फरशीवर दोन्ही हात टेकून बसला. लागलं काहीच नव्हतं. त्याने चष्मा सरळ केला, मागे वळून त्या पायरीकडे पाहिलं, मग खाली आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं की आता ही चूक कोणाची.

आम्ही दोघंही एकदमच माझी म्हणालो.

तू इकडे ये. बाबाला घेऊन जायला म्हणून नको, तशीच ये. आमच्यावरची माया कमी करू नकोस, आणि पुस्तक आलं की आधी काचवाल्याला एक प्रत पाठव.

तुझा,
मोठा काका